टेस्ला कॉइलसाठी निर्वात नलिकेची निवड



घरच्या घरी टेस्ला कॉइल बांधू पाहणारा हौशी प्रयोगकर्ता जाणकारांकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो : हिच्यासाठी कोणती निर्वात नलिका, म्हणजेच कोणता व्हॉल्व्ह घ्यावा? उत्तरादाखल त्याला एखादा क्रमांक हवा असतो, आणि क्रमांक सांगणे काही अवघड नाही. परंतु त्या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न दडलेले असतात. नलिकेचे धनाग्र किती उष्णता सोसू शकेल? तिचे ऋणाग्र किती इलेक्ट्रॉन पुरवू शकेल? आणि तिला चालविण्यासाठी जो विद्युत् दाब उभा करावा लागेल, तो हाताळण्याची तयारी प्रयोगकर्त्यापाशी आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली तर नलिका जाते. तिसऱ्याचे चुकले तर माणूस जातो. म्हणून निवडीचा विचार या तिन्ही प्रश्नांच्या क्रमानेच करणे इष्ट आहे.

निकोला टेस्ला याने १८९१ साली जे रोहित्र, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, सिद्ध केले त्यात लोखंडाचा गाभा नव्हता. जाड तारेच्या थोड्या फेऱ्यांचे प्राथमिक वेटोळे आणि बारीक तारेच्या पुष्कळ फेऱ्यांचे द्वितीयक वेटोळे एकाच कंप्रतेला जुळवून घ्यावयाचे, अशी त्याची योजना होती. झोपाळ्याला प्रत्येक झोक्याच्या वेळी हलकाच, पण नेमक्या क्षणी धक्का दिला तर तो उंच उंच जातो. तसेच येथे घडते. जुळलेल्या कंप्रतेचे धक्के बसत राहिले की द्वितीयकाच्या टोकावरील दाब वाढत जातो आणि अखेर तेथून हवेत ठिणग्यांचे झोत निघू लागतात. हे धक्के देण्यासाठी टेस्लापाशी ठिणगी-फटीखेरीज सोयीचे साधन नव्हते. धारित्रात साठलेला भार फटीतून एकदम मोकळा होई, वेटोळ्यात आंदोलने उठत आणि लगेच विरत.

निर्वात नलिका त्यानंतर आली. १९०४ मध्ये फ्लेमिंगने ऋणाग्र आणि धनाग्र एवढेच भाग असलेली द्विप्रस्थ नलिका तयार केली. १९०६ मध्ये डी फॉरेस्टने या दोहोंच्या मध्ये तारेचे जालक बसविले आणि त्रिप्रस्थ नलिका, म्हणजे ट्रायोड, जन्माला आली. जालकावरील अल्पशा दाबाने धनाग्राकडे जाणारा मोठा प्रवाह कमीजास्त करता येतो, हे तिचे वैशिष्ट्य. पुढे १९१३ च्या सुमारास असे दिसून आले की, नलिकेने दिलेल्या शक्तीचा थोडा अंश पुन्हा तिच्याच जालकाकडे वळविला तर ती आपोआप आणि अखंड आंदोलने निर्माण करते. नलिकेवर चालणारी टेस्ला कॉइल या तत्त्वावरच उभी आहे.

तिची रचना थोडक्यात अशी. प्राथमिक वेटोळे आणि त्याला समांतर जोडलेले धारित्र मिळून जुळणीचे मंडल होते. ते नलिकेच्या धनाग्राला जोडलेले असते. प्राथमिकाजवळच काही फेऱ्यांचे तिसरे वेटोळे असते. त्यात उठणारा दाब जालकाकडे जातो आणि आंदोलने चालू ठेवतो. जालकाच्या वाटेत एक रोधक आणि एक लहान धारित्र असते. त्यांच्यामुळे जालकाला आवश्यक तो ऋण दाब आपोआप मिळतो. कंप्रता बहुधा सेकंदाला काही लाख आवर्तने इतकी असते. उदाहरणार्थ, ४०० किलोहर्ट्झच्या द्वितीयकासाठी १,००० पिकोफॅरडचे धारित्र घेतले, तर प्राथमिकाची प्रवर्तकता सुमारे १५८ मायक्रोहेन्री असावी लागते. ठिणगी-फटीच्या कॉइलमधून कडकडाट करीत वाकड्यातिकड्या विजा निघतात; नलिकेच्या कॉइलचा झोत त्यामानाने शांत, सरळ, तलवारीच्या पात्यासारखा असतो, आणि त्याबरोबर वीजपुरवठ्याचा गुणगुणता सूर ऐकू येतो. हे सौम्य रूप हौशी मंडळींना भुरळ घालते, आणि पुष्कळदा फसवतेही.

आता पहिला प्रश्न, उष्णतेचा. नलिकेला दिलेली सर्व शक्ती वेटोळ्यात जात नाही. धनाग्रावर येऊन आदळणारे इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा काही भाग तेथेच उष्णतेच्या रूपाने टाकतात. निर्वातात ही उष्णता वाहून नेण्यास हवा नसते. ती प्रारणानेच बाहेर पडली पाहिजे. म्हणून प्रत्येक नलिकेच्या माहितीपत्रकात धनाग्राने सतत किती वॅट उष्णता सोसावी याची मर्यादा दिलेली असते. निवड करताना सर्वप्रथम हाच आकडा पाहावा.

एक साधा हिशोब करून पाहू. नलिकेला सरासरी ६०० वॅट शक्ती दिली आणि कार्यक्षमता ६५ टक्के मानली, तर ३९० वॅट पुढे जातात आणि २१० वॅट धनाग्रावर राहतात. ८११-ए या प्रसिद्ध नलिकेची हौशी वापरासाठीची मर्यादा ६५ वॅट आहे. तशा दोन समांतर जोडल्या तरी १३० वॅटच होतात. म्हणजे काम भागत नाही. याउलट ८३३-ए ही एकच नलिका, नुसत्या मोकळ्या हवेत, ३०० वॅट सोसते. पंख्याचा झोत दिल्यास तिची मर्यादा ४०० वॅटपर्यंत जाते.

परंतु येथे एक सोय आहे. कॉइल अखंड न चालवता थांबून थांबून चालविता येते. ऋणाग्राच्या वाटेत एक इलेक्ट्रॉनिक खटका बसवून वीजपुरवठ्याच्या पाच आवर्तनांपैकी एकाच आवर्तनात नलिका चालू ठेवली, तर सरासरी उष्णता एकपंचमांश होते. वरील उदाहरणात ती २१० वरून ४२ वॅटवर येते, आणि मग ८११-एची जोडी निर्धास्तपणे काम करते. झोताची लांबी मात्र फारशी घटत नाही, कारण ती प्रत्येक स्पंदातील शिखरशक्तीवर अवलंबून असते.

येथेच दुसरा प्रश्न पुढे येतो. उष्णता ही सरासरीने मोजता येते. इलेक्ट्रॉनांचा पुरवठा तसा मोजता येत नाही. स्पंद चालू असताना त्या क्षणी जेवढा प्रवाह हवा तेवढा ऋणाग्राने त्याच क्षणी दिला पाहिजे. पाचांपैकी चार आवर्तने विश्रांती मिळाली म्हणून त्याची क्षमता पाचपट होत नाही. म्हणूनच नलिकेचे ऋणाग्र कोणत्या जातीचे आहे, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

ऋणाग्राच्या तीन जाती आहेत. शुद्ध टंगस्टनचा तंतू पांढराशुभ्र तापवावा लागतो. तो दणकट असतो, पण तापविण्यास शक्ती फार खातो. थोरियममिश्रित टंगस्टनचा तंतू पिवळसर प्रकाशात, सुमारे १,७०० अंश सेल्सिअसला काम करतो आणि त्याच शक्तीत पुष्कळ अधिक इलेक्ट्रॉन देतो. ऑक्साइडचा लेप दिलेले ऋणाग्र मंद लाल उष्णतेतच भरपूर इलेक्ट्रॉन देते. परंतु उच्च दाबाखाली नलिकेत उरलेल्या वायूचे आयन त्याच्यावर आदळून लेप झिजवू लागतात. काही हजार व्होल्टांवर चालणाऱ्या कॉइलला म्हणून थोरियममिश्रित तंतूच अधिक मानवतो. या जातीच्या नलिकांची तुलना करण्याची एक सोपी युक्ती म्हणजे तंतूला लागणारी शक्ती पाहणे. ८११-एचा तंतू ६.३ व्होल्टांवर ४ अँपिअर घेतो, म्हणजे सुमारे २५ वॅट. ८१३ ही नलिका १० व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे ५० वॅट घेते. ८३३-ए १० व्होल्ट आणि १० अँपिअर, म्हणजे १०० वॅट. ३०४-टीएल ५ व्होल्टांवर २५ अँपिअर, म्हणजे १२५ वॅट. तंतूला जितके अधिक वॅट, तितका इलेक्ट्रॉनांचा साठा मोठा, असे ढोबळ मानाने समजण्यास हरकत नाही.

या आकड्यांना दुसरीही बाजू आहे. २५ अँपिअर देणारे तंतूचे रोहित्र बाजारात सहज मिळत नाही. ते गुंडाळून घ्यावे लागते, त्याला जाड तारा लागतात, आणि सॉकेटच्या स्पर्शिका जराशा सैल असल्या तरी तापून काळ्या पडतात. थोरियममिश्रित तंतूचा दाब नेमून दिलेल्या आकड्याच्या ५ टक्क्यांच्या आत राहावा लागतो. दाब कमी पडला तर तंतूच्या पृष्ठावरील थोरियमचा थर टिकत नाही. अधिक झाला तर आयुष्य झपाट्याने घटते. आपल्याकडे २३० व्होल्टांचा पुरवठा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी १० टक्क्यांनी वरखाली होणे नवलाचे नाही, आणि तोच फरक तंतूपर्यंत पोहोचतो. तेव्हा रोहित्रावर छापलेल्या आकड्यावर विसंबून न राहता तंतूचा दाब नलिकेच्या खिळ्यांपाशीच मोजावा. हे मोजमाप उच्च दाबाचा पुरवठा पूर्णपणे तोडलेला असतानाच करावे, हे वेगळे सांगावयास नको.

प्रत्यक्षात हौशी मंडळींच्या हाती कोणत्या नलिका पडतात, ते आता पाहू.

सर्वांत स्वस्त म्हणजे दूरदर्शन संचांतील आडव्या रेषा रेखाटणाऱ्या मंडलाच्या नलिका. पीएल-५१९ ही त्यांतील नामवंत. ती युरोपातील १९६० आणि १९७० च्या दशकांतील रंगीत संचांच्या पिढीतली. तिचे ऋणाग्र ऑक्साइडचे असून धनाग्राची मर्यादा ३५ वॅट आहे. संचातील तिच्या कामामुळे ती सुमारे ७ किलोव्होल्टांचे क्षणिक दाब सोसू शकते. काहीशे व्होल्टांवर चालणारी, बोटभर झोत देणारी पहिली कॉइल तिच्यावर उत्तम होते. दुसऱ्या महायुद्धात अमाप वापरली गेलेली ८०७ ही नलिकाही याच पंगतीत बसते.

त्यानंतर ८११-ए. हौशी रेडिओचालकांच्या शक्तिवर्धकांत ती पुष्कळ वापरली गेली. कॉलिन्स कंपनीच्या ३०एल-१ या यंत्रात तशा चार नलिका होत्या. तिचा वर्धनांक १६० इतका मोठा असल्याने जालकाला फारसा दाब द्यावा लागत नाही आणि आंदोलने सहज सुरू होतात. तिच्याच सॉकेटमध्ये बसणारी ५७२-बी १६० वॅट सोसते. पहिल्या प्रयोगानंतरची पायरी म्हणून ही जोडी आदर्श होय. मात्र दोन नलिका समांतर जोडताना प्रत्येकीच्या जालकाला आणि धनाग्राला वेगवेगळे लहान रोधक द्यावेत; नाही तर त्या आपापसांतच अतिउच्च कंप्रतेने आंदोलू लागतात. एकीचे धनाग्र लाल होत आहे आणि दुसरीचे काळेच आहे, असे दिसले तर भार सारखा वाटला जात नाही असे समजावे.

८३३-ए ही मध्यम लहरींच्या प्रक्षेपण केंद्रांतील नलिका. काचेचा मोठा फुगा, आणि धनाग्र व जालक यांची टोके वरच्या बाजूस. तिच्यात शक्ती, साधेपणा आणि सहनशीलता यांचा चांगला मेळ आढळतो. ३०४-टीएल ही कॅलिफोर्नियातील आयमॅक कंपनीची निर्मिती. एकाच फुग्यात चार लहान त्रिप्रस्थ नलिका समांतर बसविलेल्या असतात. युद्धकाळात रडारच्या स्पंदांसाठी ती वापरली गेली; म्हणूनच क्षणिक मोठा प्रवाह देण्यात तिचा हात धरणारी नलिका विरळा. तिचा वर्धनांक अवघा १२ असल्यामुळे जालकाला बराच मोठा दाब द्यावा लागतो, म्हणजे तिसऱ्या वेटोळ्याच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात. तिचे धनाग्र टँटलमचे असते. पूर्ण भारावर ते लालभडक होणे हा दोष नव्हे. तापलेले टँटलम उरलासुरला वायू शोषून घेते. दुसऱ्या जातीच्या नलिकेत हाच रंग धोक्याची खूण ठरेल. नलिका निवडली की तिच्या धनाग्राचा धातू कोणता, हेही म्हणूनच जाणून घ्यावे.

८१३ आणि सोव्हिएत बनावटीची जीयू-८१एम या नलिकांत जालकाशिवाय आणखी विद्युत् अग्रे असतात. ८१३ च्या पडदा-जालकाची मर्यादा केवळ २२ वॅट आहे. धनाग्राचा दाब शून्यावर आला असता पडद्यावर दाब तसाच राहिला, तर सारे इलेक्ट्रॉन पडद्याकडेच धावतात आणि तो क्षणात जळतो. गाळणी न केलेल्या प्रत्यावर्ती पुरवठ्यात असे प्रत्येक आवर्तनात घडू शकते. पडद्याचा दाब धनाग्राच्या पुरवठ्यातूनच रोधकामार्फत घेणे हा त्यावर उपाय. मग दोन्ही बरोबरच चढतात आणि बरोबरच उतरतात. नवशिक्याने मात्र त्रिप्रस्थ नलिकाच पत्करावी.

काच-धातूची किंवा चिनी मातीची, सक्तीने हवा खेळवावी लागणारी मोठी नलिका स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नये. ३-५००झेड ही ५०० वॅटांची नलिका उत्तमच. पण तिच्या खिळ्यांच्या सांध्यांवर पंख्याचा झोत नसेल तर काचेला तडा जातो. काही चिनी मातीच्या नलिकांत बेरिलियम ऑक्साइड असते. ती फुटल्यास त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

जुन्या साठ्यातील नलिका घेताना काही गोष्टी तपासाव्यात. तंतू अखंड आहे काय, हे ओहममापकाने कळते. काचेच्या आतील चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे असे निश्चित समजावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या नलिकेचा तंतू प्रथम काही तास नुसताच तापू द्यावा आणि मगच धनाग्राला हळूहळू दाब द्यावा. ८३३-ए आणि ३०४-टीएल उभ्याच बसवाव्यात. आडव्या ठेवल्यास तापलेला तंतू लोंबून जालकाला टेकण्याची भीती असते. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात १९६० च्या दशकाच्या आरंभापासून रेडिओच्या नलिका तयार होऊ लागल्या होत्या. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि जगभर हा उद्योग आक्रसत गेला. आज हाती येणारी प्रक्षेपण-नलिका बहुधा जुन्या साठ्यातली असते. हलगर्जीपणाने जाळलेली नलिका पुन्हा मिळेलच, असे नाही.

आता तिसरा, आणि सर्वांत गंभीर प्रश्न. अशा कॉइलसाठी उच्च दाब कोठून आणावयाचा? बहुतेक जण मोडीत निघालेल्या मायक्रोवेव्ह भट्टीतले रोहित्र वापरतात. ते सुमारे २,००० व्होल्ट देते. त्याचे शिखर २,८०० व्होल्टांवर जाते. डायोड आणि धारित्र जोडून दाब दुप्पट केला तर शिखर ५,६०० व्होल्टांपर्यंत पोहोचते. त्यातच आंदोलने चालू असताना धनाग्रावरील दाब पुरवठ्याच्या जवळजवळ दुपटीपर्यंत झेपावतो. ८११-एची हौशी वापरासाठीची मर्यादा १,५०० व्होल्ट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे नलिकेचा दाब-अंक पुरवठ्याशी का ताडून पाहिला पाहिजे, हे ध्यानी येते. हौशी मंडळी थोड्या वेळापुरती ही मर्यादा ओलांडतात; पण ती ओलांडणे ही निवड आहे, हक्क नव्हे.

माणसाच्या शरीराला तर अशी मर्यादा ओलांडण्याची सवलत मुळीच नाही. ५० हर्ट्झचा काही दशक मिलिअँपिअरांचा प्रवाह छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते, आणि हे रोहित्र त्याच्या कितीतरी पट प्रवाह देऊ शकते. आपणहून प्रवाह सुरक्षित मर्यादेत रोखून धरण्याचा गुण त्याच्या अंगी नाही. अमेरिकेत लाकडावर विजेने नक्षी जाळण्याचा छंद पसरला, तेव्हा याच रोहित्रांनी अनेकांचे प्राण घेतले. उच्च कंप्रतेचा प्रवाह त्वचेवरूनच जातो, म्हणून तो निरुपद्रवी असतो, हा समजही खोटा आहे. त्याने वेदना कळण्यापूर्वीच खोल भाजते. शिवाय झोतात सापडलेल्या हाताच्या वाटेने ५० हर्ट्झचा मूळ दाबही कधी शरीरापर्यंत येतो.

म्हणून काही नियम नलिका विकत घेण्यापूर्वीच मान्य करावेत. मुख्य खटका दूर आणि डोळ्यांसमोर असावा. प्रत्येक धारित्रावर निचऱ्याचा रोधक असावा. मंडलाला हात लावण्यापूर्वी पुरवठ्याची पिन काढावी आणि भूसंपर्कित आकड्याने धारित्र निश्चितपणे मोकळे करावे. एकट्याने काम करू नये. सोबतच्या व्यक्तीला खटका कोठे आहे हे ठाऊक असावे. हृदयात गतिकारक बसविलेल्या व्यक्तीने त्या खोलीत येऊ नये. निर्वात फुगे झोताजवळ धरून गंमत पाहू नये, कारण त्यांतून क्ष-किरण निघण्याचा संभव असतो. कॉइल ही अखेर एक प्रक्षेपकच असल्याने शेजाऱ्यांच्या रेडिओत ती व्यत्यय आणते. तेव्हा ती थोडाच वेळ, आणि शक्य तर भूसंपर्कित जाळीच्या पिंजऱ्यात चालवावी.

सारांश असा की, पहिल्या कॉइलसाठी दूरदर्शनची एखादी नलिका घ्यावी आणि काहीशे व्होल्टांवरच थांबावे. हा दाबही प्राणघातक आहे, हे विसरू नये. परंतु त्यावर हात बसला, मापे घेण्याची शिस्त लागली, की मग ८११-ए किंवा ५७२-बी. उष्णतेचा, तंतूचा आणि दाबाचा हिशोब कागदावर मांडता येऊ लागला, म्हणजे ८३३-ए. जो प्रयोगकर्ता या पायऱ्यांनी जातो, त्याला "कोणती नलिका घेऊ?" असे दुसऱ्याला विचारावे लागत नाही. माहितीपत्रकातील आकडेच त्याला उत्तर देतात, आणि त्याने जुन्या साठ्यातून शोधून काढलेली नलिका अनेक वर्षे त्याची साथ करते.